आईला एकटीला कुठवर जाता येतं : दादरमधले दहा दिवस

शनिवार, ८ नोव्हेंबर २०२५

विमान रात्री दीडला उतरलं. दादरला घरी पोचेपर्यंत तीन वाजून गेले. आई जागीच होती, चहाचं आधण ठेवून.

आमचं घर जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर. लिफ्ट नाही, लाकडी जिन्याच्या एकोणीस पायऱ्या. गेल्या वर्षी आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा तीन आठवडे रजा काढून मी याच जिन्यावर तिच्याकडून व्यायाम करून घेतला होता. जर्मनीत, हॅम्बुर्गच्या एका रुग्णालयात मी सोळा वर्षं फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशन झालेल्या वयस्कर माणसांना पुन्हा स्वतःच्या पायांवर घराबाहेर काढायचं, हेच माझं रोजचं काम. आई शहात्तर वर्षांची आहे आणि तिचा गुडघा आता उत्तम आहे. पिशव्या उचलू नकोस म्हटलं तरी माझी छोटी बॅग तिनेच वर नेली.

सकाळी मी विचारलं, "दिवसातून खाली किती वेळा उतरतेस?"

"लागतच नाही गं उतरायला. सगळं घरी येतं."

तिने ते समाधानाने सांगितलं. दूध दारात, भाजी फोनवर मागवली की पंधरा मिनिटांत, औषधं तशीच. हॅम्बुर्गमध्ये यातलं एकही मला इतक्या सहज मिळत नाही. तरी माझा घास तिथेच अडकला. कारण हीच बाई ऑपरेशनच्या आधीच्या वर्षी, २०२३ च्या उन्हाळ्यात, तीन महिने माझ्याकडे होती आणि दर मंगळवारी नि शुक्रवारी एकटी बाजारात जायची.

रविवार, ९ नोव्हेंबर

सकाळी सहाला खलबत्त्याच्या आवाजाने जाग आली. आई दाण्याचं कूट करत होती. पडल्या पडल्या मला इतकं बरं वाटलं! हॅम्बुर्गला पहिल्या वर्षी एका रविवारी दुपारी मीही खलबत्ता काढला होता. पाचव्या मिनिटाला खालच्या मजल्यावरचे गृहस्थ दारात उभे. रागावले नाहीत, फक्त म्हणाले, आज रविवार आहे. तिथे रविवारी दुकानं बंद, भिंतीला भोक पाडणं बंद, आणि रविवारच्या विसाव्याला थेट राज्यघटनेचं संरक्षण आहे. पहिली दोन वर्षं मला तो जाच वाटला. आता तो दिवस मी जपते, कारण त्या दिवशी माझ्याकडून कुणीच काही मागत नाही. खलबत्ता मात्र कपाटातच आहे.

संध्याकाळी शिवाजी पार्कला जाऊ म्हटलं. दहा-बारा मिनिटांची वाट, पण आई टॅक्सी कर म्हणाली. मी हट्टाने चालत नेलं आणि गल्लीच्या तोंडाशीच माझ्या लक्षात आलं, तिचं घोडं कुठे अडतं ते. तिथला फुटपाथ रस्त्यापासून उंच, कडेचा दगड तिरका, धरायला काही नाही. वर चढलं की चार पावलांवर झाड, मग लोखंडी पेटी, मग दोन स्कूटर. पुन्हा खाली उतरायचं, पुन्हा चढायचं. घरातल्या एकोणीस पायऱ्या आई सहज चढते, कारण त्या सारख्या आहेत आणि शेजारी कठडा आहे. इथे प्रत्येक पाऊल नवं. तिने माझा दंड असा घट्ट धरला की रात्री तिथे बोटांच्या खुणा दिसत होत्या.

पार्कात पोचल्यावर ती निराळीच झाली. कट्ट्यावर बसलेल्या बायकांपैकी तिघी ओळखीच्या निघाल्या. "अहो, किती महिन्यांनी!" एकीने तिची जागा करून दिली, दुसरीने पिशवीतून चिक्की काढली. मी त्यांना तिथेच सोडून कट्ट्याची एक फेरी मारली आणि परत आले तेव्हा आई मोठ्याने हसत होती.

येताना टॅक्सीच केली.

सोमवार, १० नोव्हेंबर

नोव्हेंबर म्हणजे पेन्शनवाल्यांचा हयातीच्या दाखल्याचा महिना. आई केंद्र सरकारच्या एका कार्यालयातून २००९ मध्ये निवृत्त झाली. पूर्वी दाखल्यासाठी बँकेत जावं लागायचं. आता फोनसमोर चेहरा धरायचा, डोळे मिटून उघडायचे, झालं. तीन मिनिटं लागली. डिजिटल दाखला २०१४ मध्ये सुरू झाला आणि चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय २०२१ पासून आली. जर्मनीत मला अजूनही निम्मी सरकारी पत्रं टपालाने येतात, ती फायलीत लावून ठेवावी लागतात. या बाबतीत आपण फार पुढे आहोत, हे मी तिथल्या सहकाऱ्यांना अभिमानाने सांगते.

दाखला झाल्यावर आई फोन हातात धरून बसून राहिली. म्हणाली, "पूर्वी या दिवशी आम्ही सगळ्या भेटायचो. बँकेच्या रांगेत तासभर गप्पा व्हायच्या, मग उडप्याकडे डोसा. कोण राहिलं, कोण गेलं ते कळायचं. आता कुणाचं काही कळत नाही."

बाहेर पडायचं एकेक कारण आईच्या घरात येऊन पडलंय. प्रत्येक सोय खरीच आहे आणि मला त्यातली एकही परत करायची नाही. पण सोय वेगळी आणि मोकळीक वेगळी. सोयीमुळे आईला खाली जावं लागत नाही. मोकळीक असती तर तिला वाटेल तेव्हा जाता आलं असतं. आपल्याकडे "पाय मोकळे करून येते" असं म्हणायची पद्धत आहे. आईच्या तोंडी ते वाक्य मी दोन वर्षांत ऐकलेलं नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आईकडे येणाऱ्या मावशी नालासोपाऱ्याहून येतात. पावणेपाचला उठतात, स्वतःचा स्वयंपाक करून निघतात, साडेसातला आमच्या दारात. दादरमधली चार घरं करून दुपारी परततात. मी त्यांना विचारून त्यांचा खांदा पाहिला. उजवा हात डोक्याच्या वर जात नाही. दोन व्यायाम दाखवले. करतील की नाही कोण जाणे, त्यांना वेळ कुठाय?

बोलता बोलता त्यांनी विचारलं, तिकडे या कामाचे किती मिळतात. मी सांगितलं, तासाला कमीत कमी १२.८२ युरो, कायद्यानेच. म्हणजे आपले तेराशे रुपये. मावशींनी फडकं थांबवलं. "मग तुमच्याकडे बाई आहे?"

"नाही. परवडत नाही."

"मग बरोबर आहे," त्या म्हणाल्या आणि पुढची फरशी पुसायला लागल्या.

परदेशातून आलेली आम्ही माणसं इथे येऊन "काय आराम आहे मुंबईत" म्हणतो, तेव्हा मावशींची पावणेपाचची सकाळ आमच्या हिशेबात नसते. हॅम्बुर्गमध्ये माझं घर मीच पुसते आणि मला त्याचं काही वाटत नाही. दमलेल्या दिवशी घर तसंच राहतं. पण तिथे साफसफाई करणारी बाई आणि मी एकाच बसमध्ये, एकाच तिकिटावर शेजारी बसतो, एकाच दवाखान्याच्या रांगेत असतो. मावशींचा खांदा तिथे असता तर विम्यावर उपचार झाले असते. तारखेसाठी थांबावं लागलं असतं हेही सांगते, कारण हाडांच्या डॉक्टरांची वेळ मिळायला माझ्या ओळखीच्यांना महिने लागले आहेत. इथे आईचा एक्सरे सकाळी काढला तर दुपारी रिपोर्ट फोनवर येतो. पण मावशी डॉक्टरकडे जातच नाहीत, कारण त्या दिवसाचा खाडा होतो.

बुधवार, १२ नोव्हेंबर

आज मेट्रो. आरे ते कफ परेड ही भुयारी मार्गिका महिन्यापूर्वीच, ९ ऑक्टोबरला, पूर्ण सुरू झाली. साडेतेहेतीस किलोमीटर आणि सत्तावीस स्थानकं. आईने ती फक्त बातम्यांत पाहिली होती.

मला इथे सविस्तर लिहायचंय, कारण दहा दिवसांतला माझा सगळ्यात आनंदाचा तास तो होता. रस्त्यावरून लिफ्टने खाली. लिफ्टमधून फलाटापर्यंत एकही पायरी नाही. फलाट आणि गाडी एका पातळीवर, मध्ये बोटभर फट. फलाटाच्या कडेला काचेची दारं, गाडी आली की दोन्ही दारं एकदम उघडतात. आईने पाऊल उचललं आणि आत गेली. माझा हात तिने धरलाच नव्हता! हे तिच्या लक्षात आलं नाही, माझ्या आलं. हॅम्बुर्गला बस थांब्याला आली की दाराच्या बाजूने खाली झुकते, आणि चाकाची खुर्ची असेल तर ड्रायव्हर उतरून फळी टाकतो. तिथे आई पहिल्या दिवशी त्या झुकणाऱ्या बसकडे बघून म्हणाली होती, "हिने मला नमस्कार केला." तोच चेहरा मला आज दादरला दिसला.

आम्ही हुतात्मा चौकात उतरलो. फोर्टात तिची बत्तीस वर्षांची नोकरी झाली. रोज दादरहून चर्चगेट, १९९२ नंतर जमेल तेव्हा लेडीज स्पेशल, आणि तिथून चालत. तिने मला कोपरा न् कोपरा दाखवला. या कमानींखाली फाउंटनपेन दुरुस्त करणारा बसायचा, तिथे पावसात सगळ्या उभ्या राहायच्या. त्या बाजूचे फुटपाथ रुंद आहेत, काही कमानींखालून सावलीतून जातात. आई पाऊण तास चालली.

परत येताना हिशेब केला. मेट्रोच्या दारापासून फोर्टापर्यंत आईला कुणाचीही गरज नाही. गरज आहे ती घरापासून मेट्रोच्या दारापर्यंत. मी पावलं मोजली: सहाशे चाळीस.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आईची शिवणाची टेप घेऊन खाली गेले. गल्लीच्या तोंडाचा फुटपाथ सत्तावीस सेंटीमीटर उंच भरला. रस्ते कसे बांधायचे याचे नियम ठरवणाऱ्या भारतीय रस्ते काँग्रेस या संस्थेच्या पादचाऱ्यांसाठीच्या नियमावलीत पंधरापेक्षा जास्त उंची नको म्हटलंय, आणि चालायला निदान १.८ मीटर मोकळी रुंदी. म्हणजे आपल्याकडे चांगला नियम लिहिलेला आहे. जर्मनीत रस्ता ओलांडायच्या जागी ती कड तीन सेंटीमीटरवर आणतात. पूर्ण सपाट का करत नाहीत, असं मी एकदा विचारलं होतं. कारण अंध माणसाच्या काठीला कड लागली पाहिजे आणि चाकाच्या खुर्चीला ती चढता आली पाहिजे. दोघांनाही पुरेल अशी उंची कुणीतरी बसून शोधली, या विचाराने मी तेव्हा हलून गेले होते.

मी वाकून मोजत असताना भाजीवाली बघत होती. तिची टोपली त्याच फुटपाथवर, भिंतीला लागून. म्हणाली, "आजींसाठी मोजताय? त्यांना मीच उतरवून देते की. आधी यायच्या तेव्हा माझ्या स्टुलावर बसायच्या." मी वर येऊन आईला विचारलं. "हो, तीच हात द्यायची. पण रोज रोज तिला धंदा सोडून कसं उठवायचं? म्हणून जाणं सोडलं."

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

भाची बोरिवलीला भाड्याने घर बघतेय, तिच्याबरोबर गेले. दोन घरं पाहिली. दोन्हीकडे आधी प्रश्न: लग्न झालंय का, घरी कोण कोण येणार, मांसाहार करता का. सव्वीस वर्षांची मुलगी, स्वतःच्या कमाईवर. तिने मान खाली घालून उत्तरं दिली, ते मला सहन झालं नाही. हॅम्बुर्गमध्ये घरासाठी मी चाळीस अर्ज केले होते, बहुतेकांचं उत्तरच आलं नाही. माझ्या आडनावामुळे की काय, ते कधी कळणार नाही. तिथे असा भेद करायला २००६ पासून कायद्याने बंदी आहे, पण न आलेल्या उत्तराविरुद्ध काय दाद मागणार? तरी एकदा घर मिळाल्यावर माझ्या पातेल्यात काय शिजतंय हे कुणी विचारलेलं नाही.

परतीला रात्री साडेअकराची लोकल, बायकांचा डबा. डबा अर्धा भरलेला होता. समोर एक मुलगी बूट काढून टाच दाबत बसली होती. मॉलमधल्या दुकानात दिवसभर उभं राहायचं असतं, म्हणाली, बसलेलं चालत नाही. मी तिला पोटऱ्या ताणायचा व्यायाम दाखवला, डब्याच्या खांबाला धरून. शेजारच्या बाई म्हणाल्या, मलाही दाखवा, माझी कंबर धरते. कांदिवलीपासून अंधेरीपर्यंत आम्ही सहाजणी उभ्या राहून टाचा वरखाली करत होतो. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानातल्या कामगारांना बसायचा हक्क कायद्याने दिला. माझ्या महाराष्ट्राने तो का दिला नाही, या विचाराने मला रात्री झोप येईना.

त्या डब्यात मला एक क्षणही भीती वाटली नाही, हेही लिहायला हवं. हॅम्बुर्गला त्या वेळी डबा रिकामा असतो आणि मी किल्ल्या मुठीत धरून बसते.

शनिवार, १५ नोव्हेंबर

दादा-वहिनी ठाण्याहून जेवायला आले. दादा वकील आहे. मी फुटपाथचं गाऱ्हाणं मांडलं, तेव्हा तो म्हणाला, मे महिन्यातच सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की पादचाऱ्याला मोकळा फुटपाथ मिळणं हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. मी टाळीच वाजवली. मग तो पुढचं बोलला. याच मुंबईतल्या फुटपाथवासीयांच्या बाजूने ओल्गा टेलिस या पत्रकार बाई न्यायालयात गेल्या होत्या, आणि १९८५ मध्ये त्याच न्यायालयाने त्याच कलम २१ खाली सांगितलं की पोट भरण्याचं साधन हासुद्धा जगण्याच्या हक्कात येतो.

"म्हणजे आईचं चालणं आणि भाजीवालीची टोपली, दोन्ही कलम २१?"

"दोन्ही. म्हणून तर २०१४ चा फेरीवाला कायदा आला. विक्रीच्या जागा ठरवा, समित्या नेमा, सर्वेक्षण करा. ते नीट केलं तर दोघींना पुरेल एवढी जागा निघते."

आई वाढता वाढता म्हणाली, "तिला उठवायचं असेल तर मला नको तुमचा फुटपाथ. ती आहे म्हणून त्या कोपऱ्यावर कुणीतरी आहे."

मला हॅम्बुर्गची आमच्या वरच्या मजल्यावरची आजी आठवली. शहाऐंशी वर्षांची, रोलेटर म्हणजे चाकांचा वॉकर ढकलत सगळीकडे एकटी जाणारी. विम्यातून मिळतो तो रोलेटर, आपण फार तर दहा युरो भरायचे. मी तिचं मनापासून कौतुक करायचे. एकदा तिची पत्रपेटी ओसंडून वाहताना दिसली म्हणून चौकशी केली, तर ती पाच दिवसांपासून रुग्णालयात होती. आम्हा आठ बिऱ्हाडांपैकी कुणालाही पत्ता नव्हता. तिथे असताना आईने मला विचारलं होतं, "इथे तीन महिन्यांत माझं नाव कुणी विचारलं नाही, हे बरोबर आहे का?" तेव्हा मी काहीबाही उत्तर दिलं. बरोबर नाहीच ते.

रात्री दहाला रस्त्यावरचा एका लग्नाचा बँड थांबला. रात्री दहा ते सकाळी सहा ही शांततेची वेळ दोन्ही देशांत एकच आहे. आपल्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमात ती २००० सालापासून आहे. आज ती पाळली गेली आणि मी खिडकीत उभी राहून त्या अनोळखी वरातीला मनातल्या मनात आशीर्वाद दिला.

रविवार, १६ नोव्हेंबर

सराव. सकाळी सातला, रहदारी कमी असताना, आईला कोपऱ्यावर नेलं. उंच कडेवरून उतरायची रीत दाखवली: दुखरा पाय आधी खाली, काठी त्याच्याबरोबर, चढताना चांगला पाय आधी. मी रुग्णांना पंधरा सेंटीमीटरच्या ठोकळ्यावर शिकवते, आईला सत्तावीसवर शिकवलं. भाजीवालीने भिंतीकडची टोपली थोडी आत ओढून वाट करून दिली. आठ वेळा चढली-उतरली. नवव्या वेळी म्हणाली, "पुरे. उद्या मी एकटी फोर्टात जाणार. आणि मागे मागे येऊ नकोस."

सोमवार, १७ नोव्हेंबर

आज रात्रीचं विमान. आई सव्वादहाला निघाली. अबोली रंगाची साडी, पर्स आडवी गळ्यात, हातात काठी. मी गॅलरीत उभी. कोपऱ्यावर भाजीवाली उठली, तिने हात पुढे केला, आईने तो धरला, दोघींनी रस्ता ओलांडला. मग भाजीवाली परत आली आणि आई वळणापलीकडे दिसेनाशी झाली.

पावणेअकराला फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. जमिनीखाली तिच्या फोनला रेंज नाही, हे बुधवारीच पाहिलं होतं. तरी चार वेळा लावला. बॅग भरायला घेतली आणि तसंच सोडून पुन्हा गॅलरीत आले. अकरा वाजून सात मिनिटांनी तिचाच आला. मागे गाड्यांचा, माणसांचा आवाज.

"पोचले. ठेव आता, मला चहा घ्यायचाय."

बारापर्यंत येते म्हणालेली बाई एक चाळीसला आली. पिशवीत पेरू होते आणि कमानीखाली घेतलेलं दहा रुपयांचं एक शाईपेन. फाउंटनपेनवाला आता नाही म्हणे, पण त्याच्या जागेजवळ एकजण पेनं विकतो.

"येताना कोपऱ्यावर कुणी होतं?"

"नव्हतं. ती जेवायला गेली होती. सिग्नलच्या खांबाला धरून चढले."

तिने उजवा तळवा पुढे केला. त्यावर गंजाचा लालसर पट्टा उमटला होता. मी ओला रुमाल आणला, तर तिने हात मागे घेतला आणि आधी पेरू चिरायला बसली.